दहा हजारांच्या आतले एएनसी हेडफोन शेजारच्या ब्रेकरवर चालतात का?

मोगरी | सोमवार, रात्री ११.१०

नमस्कार मंडळी. चार वर्षं वाचनमात्र होते, हा पहिलाच धागा. सांभाळून घ्या.

वाशीत सिडकोच्या जुन्या बिल्डिंगमध्ये राहते. शेजारची बिल्डिंग पुनर्विकासाला गेली आणि दिवाळीनंतर तिथे पोकलेनला लावलेला ब्रेकर, म्हणजे काँक्रीट फोडायचं यंत्र, सुरू झाला. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा, मध्ये एक ते दोन जेवणाची सुट्टी. मी मेडिकल ट्रान्सक्रिप्शन करते. म्हणजे अमेरिकेतला डॉक्टर जे पुटपुटतो ते ऐकून टाइप करायचं. त्याने 'फिफ्टीन' म्हटलं की 'फिफ्टी' हे चुकलं तर गोळीचा डोसच बदलतो, त्यामुळे 'साधारण ऐकू येतंय' यावर भागत नाही.

तीन दिवस घरून काम, दोन दिवस ऐरोलीला ऑफिस. वाशी-ठाणे लोकलने जाते. तेवढ्या वेळात डोळे मिटून काहीतरी ऐकता आलं तर बरं.

एएनसी, म्हणजे बाहेरचा गोंगाट कमी करणारे हेडफोन घ्यायचेत. बजेट दहा हजार. सहात झालं तर घरात आनंदीआनंद. कानावर बसणारे मोठे घ्यावेत की कानात घालायचे छोटे? आणि मूळ प्रश्न शीर्षकातच आहे.

---

खिडकीसीट | सोमवार, रात्री ११.३२

ब्रेकरचं सांगता येत नाही, पण सकाळच्या गाडीतल्या भजनी मंडळावर चालत नाही. सहा महिन्यांचा स्वानुभव. उलट चिपळ्या आणि टाळ एकदम सुटे सुटे ऐकू येतात. आता मला 'सुंदर ते ध्यान' तोंडपाठ आहे.

---

पै_पै | मंगळवार, सकाळी ७.०५

मोगरीताई, खरेदीआधी एक गोष्ट पक्की करा. खोक्यावर 'एएनसी' लिहिलंय की 'ईएनसी'? हा एका अक्षराचा फरक फार महागात पडतो.

ईएनसी म्हणजे तुम्ही फोनवर बोलताना समोरच्याला तुमच्या मागचा गोंगाट कमी ऐकू यावा, यासाठी माइकवर केलेली सफाई. तुमच्या कानाला त्याचा काडीचा उपयोग नाही. दीड-दोन हजारांच्या कित्येक मालावर 'नॉइज कॅन्सलेशन' हे शब्द मोठ्या ठशात असतात आणि खाली बारीक अक्षरात 'फॉर कॉल्स'. माझ्या मेव्हण्याने गेल्या गणपतीत असाच एक सेट हौसेने घेतला. दोन दिवस 'काय शांत वाटतंय' म्हणत होता. मी खोका वाचून दाखवला तेव्हापासून माझ्याशी जरा तुटकच बोलतो.

दुसरं म्हणजे तो डेसिबलचा आकडा. '४५ डेसिबलपर्यंत' यातला 'पर्यंत' वाचा.

---

डेसिबल | मंगळवार, दुपारी १.४०

नाटकांना ध्वनियोजना करतो. गडकरी रंगायतनमध्ये आयुष्यातली बरीच वर्षं विंगेत उभ्याने गेली. म्हणून थोडं लांबण लावतो.

आमच्या धंद्यात एक जुनी चूक आहे. दोन बाजूंना दोन स्पीकर, आणि घाईत एकाची वायर उलटी लागली, म्हणजे प्लसच्या जागी मायनस. मग काय होतं? मधल्या खुर्च्यांवर बसलेल्या माणसाला तबल्यातला डग्गा ऐकूच येत नाही. एका स्पीकरचा पडदा हवा पुढे ढकलतो त्याच क्षणी दुसऱ्याचा मागे ओढतो, बेरीज शून्य. पण तबल्याच्या काठावरचा चाटीचा 'ना' मात्र ऐकू येतो, जरा विचित्र येतो इतकंच. एएनसी म्हणजे हीच चूक मुद्दाम, हिशेबाने केलेली. बाहेरचा माइक आवाज उचलतो, आतली चिप त्याची उलटी लाट तयार करते आणि कानाजवळचा स्पीकर ती वाजवतो.

आता डग्गा का जातो आणि चाट का राहते ते बघा. आवाज हवेत सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. १०० हर्ट्झच्या घुमणाऱ्या आवाजाची एक लाट ३.४ मीटर लांब, म्हणजे अख्ख्या खोलीएवढी. तिच्यावर उलटी लाट बसवताना एखादा सेंटिमीटर इकडेतिकडे झाला तरी बिघडत नाही. १००० हर्ट्झला लाट ३४ सेंटिमीटर, ५००० हर्ट्झला जेमतेम ७. तिथे तोच एक सेंटिमीटर चुकला की बेरीज शून्य होत नाही, कधीकधी आवाज वाढतोसुद्धा. म्हणून पंखा, एसी, इंजिन, विमानाची घरघर हे एएनसीचं गिऱ्हाईक. वरच्या पट्टीतलं जे काही अडतं ते कानावरच्या गादीमुळे किंवा कानातल्या बोंडामुळे, चिपमुळे नव्हे.

आणि ब्रेकर? त्यात दोन आवाज आहेत. पोकलेनच्या डिझेल इंजिनाची घरघर, ती जाईल. छिन्नी काँक्रीटवर आपटते तो 'ठक्', तो जाणार नाही. एक तर त्यात वरच्या पट्टीतलं भरपूर असतं. शिवाय सलग घरघरीत पुढच्या क्षणी काय येणार याचा अंदाज चिपला बांधता येतो, ठोक्याच्या बाबतीत तो येईपर्यंत कळत नाही.

पै_पै म्हणतात तो 'पर्यंत' इथलाच. ४५ हा आकडा एखाद्या खालच्या पट्टीला, सगळ्यात जास्त उतार मिळतो त्या जागेवरचा. तुमच्या डॉक्टरच्या 'फिफ्टीन'मधला 'फ' राहतो त्या इलाख्यात तो लागू नाही.

---

जुनी_वही | मंगळवार, दुपारी ३.१५

डेसिबल, सुंदर प्रतिसाद. थोडं अवांतर: उलट्या लाटेची कल्पना बरीच जुनी आहे. पाउल ल्यूग या जर्मन माणसाला तिचं अमेरिकन पेटंट १९३६ मध्ये मिळालं. पण तेव्हाच्या इलेक्ट्रॉनिक्सने ते कानाएवढ्या जागेत जमण्यासारखं नव्हतं. १९७८ मध्ये अमर बोस झुरिकहून बॉस्टनला विमानाने निघाले होते. विमानात दिलेला हेडफोन लावला तर इंजिनाच्या घरघरीत काही ऐकू येईना, तेव्हा त्यांनी प्रवासातच गणित मांडायला घेतलं. वैमानिकांसाठीचा हेडसेट बाजारात यायला १९८९ उजाडलं, आणि तुम्हाआम्हाला विकत घेता येईल असा २०००मध्ये आला. अमर बोस यांचे वडील बंगालमधले क्रांतिकारक, इंग्रजांचा ससेमिरा चुकवून अमेरिकेत गेलेले.

---

खिडकीसीट | मंगळवार, दुपारी ३.२२

म्हणजे मूळ औषध विमानाच्या घरघरीवरचं, आणि आपण ते तुर्भ्याच्या गर्दीला लावतोय.

---

कारशेड | मंगळवार, रात्री ९.५०

लोकलचं मी सांगतो, रोजचा संबंध आहे. नव्या धर्तीच्या गाड्यांना छतावर हवा आत ढकलणारे ब्लोअर आहेत. पंखे बंद असले तरी डब्यात जी सतत 'हूं' असते ती बरीचशी त्यांचीच. ती एएनसीमध्ये मस्त जाते. सांध्यांवरचा खडखडाट अर्धवट जातो. समोरून येणाऱ्या गाडीचा हॉर्न अजिबात जात नाही, आणि तो जाऊही नये.

एक हात जोडून विनंती. प्लॅटफॉर्मवर उतरताना एएनसी बंद किंवा पारदर्शक मोडवर (बाहेरचे आवाज मुद्दाम आत सोडणाऱ्या) ठेवा. रूळ ओलांडणाऱ्यांबद्दल तर बोलतच नाही. मागून येणारी गाडी आधी घरघरीतूनच कळते, आणि नेमकी तीच घरघर हे यंत्र खातं.

---

चष्मिष | बुधवार, सकाळी १०.३०

मोगरी, चष्मा आहे का? मोठे हेडफोन घेणार असाल तर चष्मा लावूनच ट्राय करा. काडी आणि गादी यांच्यामध्ये फट राहते आणि खालच्या पट्टीतला आवाज तिथूनच आत शिरतो. माझ्या जाड काडीच्या चष्म्यावर एक महागडा सेटसुद्धा पांगळा झाला. बारीक तारेच्या काडीवर तोच झकास चालला. दुकानदार म्हणाला, 'मॅडम, नंबर उतरवून घ्या.'

---

मोगरी | बुधवार, रात्री १०.१५

सगळ्यांचे आभार. चष्मा आहे, बारीक काडीचा. आज कानातल्या कुड्यांचाही शोध लागला. भाच्याचा मोठा हेडफोन लावून तासभर बसले तर कुडीची फिरकी मानेच्या बाजूला अशी रुतली की काढल्यावर लाल ठिपका! आता कामाच्या वेळी कुड्या डब्यात. सासूबाईंनी विचारलं, 'मोडल्या का?'

दुकानात नेमकं तपासायचं कसं? गाणं लावलं की सगळेच चांगले वाटतात.

---

डेसिबल | बुधवार, रात्री ११.००

गाणं लावूच नका. दुकानातला एसी किंवा कोल्ड्रिंकचा फ्रिज शोधा, त्याच्या शेजारी उभ्या राहा आणि काहीही न वाजवता एएनसी चालू-बंद, चालू-बंद करा. फ्रिजची घरघर किती जाते ते कळेल. मग आवाज कमी झाल्यावर उरलेल्या शांततेत 'स्स्स' असा बारीक फुसफुसाट आहे का ते ऐका. स्वस्तातल्यांत तो बऱ्याचदा असतो, आणि दिवसाचे सात तास ऐकायचं असेल तर त्याने डोकं उठतं. मान डावीउजवीकडे वळवा. काहीतरी चघळा. जबडा हलला की गादी उचलली जाते का बघा.

काहींना एएनसी चालू केल्यावर कानावर दाब आल्यासारखं वाटतं, खंडाळ्याचा घाट चढताना वाटतं तसं. खरं तर हवेचा दाब बदललेला नसतो, पण वाटतं ते वाटतंच. वीस मिनिटं लावून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

---

पै_पै | गुरुवार, सकाळी ६.५०

दहाच्या आतले, माझ्या डोळ्यांखालून गेलेले: सोनीचा डब्ल्यूएच-सीएच७२०एन. २०२३चा आहे, आपल्याकडे ९,९९० रुपयांना आला, सेलमध्ये त्याहून बराच खाली मिळतो. वजन १९२ ग्रॅम, हे मोठ्या हेडफोनसाठी खरंच कमी. एएनसी चालू ठेवून ३५ तास चालतो असा कंपनीचा दावा. घडी होत नाही, फक्त वाट्या सपाट वळतात, म्हणजे बॅगेत जागा लागणार. जेबीएलचा ट्यून ७७०एनसी, एएनसीसह ४४ तासांचा दावा, आणि त्याची घडी होते. साउंडकोरचा स्पेस वन, ४० तास.

बॅटरीच्या आकड्यात फार अडकू नका. तुमचं काम घरात, चार्जर शेजारी. वायरची सोय आहे का ते बघा, तुमच्या कामाला ती लागेल असं वाटतं.

आणि बिल. पक्कं जीएसटी बिल. वॉरंटीच्या वेळी 'स्क्रीनशॉट आहे ना' चालत नाही.

---

मोगरी | गुरुवार, दुपारी १.२०

पै_पै, वायरचं अगदी बरोबर बोललात. मी पायातल्या पेडलने ऑडिओ मागेपुढे करते. ब्लूटूथवर पेडल दाबलं की आवाज किंचित उशिरा थांबतो, त्यामुळे प्रत्येक वेळी अर्धा शब्द जास्त मागे जावं लागतं. दिवसभरात हे शेकडो वेळा. भाच्याच्या हेडफोनला वायर लावली आणि एकदम हाताला हात लागला.

अजून एक गंमत. कालच्या टीम मीटिंगमध्ये हेडफोन लावला तर सगळ्यांचे आवाज जुन्या लँडलाइनसारखे. हेडफोन बिघडला म्हणून मी भाच्याला फोनही केला.

---

डेसिबल | गुरुवार, दुपारी २.०५

बिघडला नाही. ब्लूटूथवर हेडफोनचा माइकही वापरायला लागलात की बऱ्याच लॅपटॉपवर जोडणी 'गाणी ऐकण्या'च्या पद्धतीवरून 'फोनवर बोलण्या'च्या पद्धतीवर जाते आणि आवाजाचा दर्जा धाडकन पडतो. मीटिंगच्या सेटिंगमध्ये माइक म्हणून लॅपटॉपचा स्वतःचा निवडा, स्पीकर म्हणून हेडफोन. लगेच फरक पडेल.

वायरबद्दल मात्र दुकानात विचारा. वायर लावल्यावर एएनसी चालू राहतं की बंद पडतं, हे प्रत्येक मॉडेलचं वेगळं असतं.

---

कानकोंडा | शुक्रवार, रात्री ८.४०

कानांच्या दवाखान्यात ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करतो, म्हणून हा आयडी. इथे सगळे शांततेबद्दल बोलताहेत, मी आवाजाबद्दल बोलतो.

जागतिक आरोग्य संघटनेचा मोठ्यांसाठीचा हिशेब आठवड्याला ८० डेसिबल, ४० तास. आवाज ३ डेसिबलने वाढला की ऊर्जा दुप्पट, म्हणजे सुरक्षित वेळ निम्मा. ८३ला २० तास, ८६ला १०. लोकलमध्ये साधे इअरफोन लावणारा माणूस गाडीच्या आवाजावर मात करायला व्हॉल्यूम चढवतो आणि उतरल्यावर तो तिथेच राहतो. एएनसीचा कानाला खरा फायदा हा, की चढवायची गरज कमी होते. मोगरीताई रोज सात तास ऐकतात, आठवड्याचे ३५ झाले. त्यांनी ब्रेकरशी स्पर्धा करत आवाज वाढवला तर ब्रेकर जाईल सहा महिन्यांत आणि कानातली 'कुईं' राहील.

---

मोगरी | रविवार, संध्याकाळी ५.३०

गेला आठवडा अक्षरशः प्रयोगशाळा केली. भाच्याचा मोठा सेट आणि मी ऑनलाइन मागवलेले एक इअरबड्स (ब्रँडचं नाव घेत नाही, परत गेले). एकच डिक्टेशन फाइल, आणि प्रत्येक शब्द कळायला फोनच्या आवाजाच्या किती पायऱ्या लागतात ते मोजलं. पुतणी वहीत लिहीत होती.

पंख्याखाली: एएनसीशिवाय सात, चालू केल्यावर चार. सुखद धक्का.

ब्रेकर चालू असताना बाल्कनीकडच्या खोलीत: अकरा. एएनसी चालू केल्यावर दहा. बस्स. आणि खरं सांगू का, चालू केल्यावर ब्रेकर जास्त टोचतो. आधी घरघर आणि ठोका यांचा मिळून एक रेंदा होता. आता घरघर नाहीशी आणि काळ्या पाटीवर खडूने मारावा तसा नुसता ठक्, ठक्, ठक्. दोन ठोक्यांच्या मधल्या शांततेत पुढच्याची वाट बघत बसते मी.

गाडीतही तेच. गुरुवारी ऐरोलीला जाताना 'हूं' गायब झाली आणि शेजारच्या दोघींची सुनेची तक्रार शब्दन् शब्द ऐकू आली. घणसोलीपर्यंत माझं मत सुनेच्या बाजूने झालं होतं.

इअरबड्सचा किस्सा वेगळाच. दाराजवळ वाऱ्यात उभी राहिले आणि कानात कुणी पोतं झटकल्यासारखा फडफडाट! आत सरकले की बंद.

---

डेसिबल | रविवार, संध्याकाळी ६.१०

तो वारा. बाहेरच्या माइकवर थेट आदळतो, आणि चिपला वाटतं हा आवाज आहे, म्हणून ती त्याची उलटी लाट काढून तुमच्या कानात वाजवते. काहींच्या अ‍ॅपमध्ये वाऱ्यासाठी वेगळी सोय असते, नाहीतर दारापाशी एएनसी बंद.

ठोके टोचतात हे तुम्ही अचूक पकडलंत. आता एक करा. इअरबड्स पुन्हा घेतलेच तर त्यांची रबरी बोंडं काढून मेमरी फोमची लावून बघा. चिमटीत दाबून बारीक करायची, कानात सोडायची, अर्ध्या मिनिटात फुगून बसतात. वरच्या पट्टीतलं फोम अडवतो, खालचं चिप. मात्र सात तास कानात फोम ठेवणं, तेही आपल्या दमट हवेत, मला तरी जमणार नाही.

---

कासारवडवली | रविवार, रात्री ९.२५

घोडबंदर रोडवरून रोज बसने जातो. डिझेल बसची घरघर जाते, खड्ड्यातून गेल्यावर खिडकीच्या काचा वाजतात त्या राहतात. तीन हजारांचे इअरबड्स, वर्षभर वापरतोय, तक्रार नाही. एवढं सगळं भौतिकशास्त्र माहीत नव्हतं म्हणून सुखी होतो.

---

मोगरी | पुढचा शनिवार, दुपारी १.१२

उशीर झाला, पण सांगायचं राहू नये म्हणून लिहितेय. ठाण्याला नौपाड्यात माहेरी गेले होते, तिथल्याच एका दुकानात सोनीचा तो १९२ ग्रॅमवाला घेतला. दुकानदाराला म्हटलं, फ्रिजजवळ उभी राहू का? त्याने आधी मला पाणी हवंय का विचारलं. वीस मिनिटं चष्म्यासकट लावून बसले, दाब वाटला नाही, फुसफुसाट अगदी थोडा. पक्कं बिल घेतलं, पै_पै.

ब्रेकरवर चालत नाही तो नाहीच. डेसिबलनी सांगितलं होतं तरी माझी आशा होती. मग टेबल बाल्कनीकडच्या खोलीतून उचलून मधल्या बेडरूममध्ये नेलं, दार बंद केलं. भिंतींनी 'ठक्'ची धार बोथट केली आणि तिथल्या पंखा-एसीचं एएनसी बघून घेतं. अकराच्या जागी आता सहा पायऱ्या. कानकोंडा, आकडा वहीत आहे.

एक मात्र झालं. परवा कुकर लावला आणि शिट्ट्या ऐकूच आल्या नाहीत. भिंत, दार, गाद्या, सगळ्यांनी मिळून तो घात केला. वरण करपलं. तेव्हापासून सासूबाई मला स्वयंपाकघरातून फोन करतात.

ज्या डॉक्टरांच्या तोंडात कायम पान असल्यासारखं वाटतं, त्यांच्या फाइली मी आता वेगळ्या काढून ठेवते. ब्रेकरवाले एकला जेवायला बसतात. ती फाइल तेव्हा. आत्ता तेच चाललंय, अठ्ठेचाळीस मिनिटं उरली आहेत.

---

खिडकीसीट | शनिवार, दुपारी १.१५

मग इथे काय करताय? पळा!